सुतकी पिंजरा

९ जानेवारी

प्रिय झुपक्या,

फोटो सोबत पाठवतेय. आईच्या पंचाहत्तरीला मी जिन्यावर चढून काढला होता तोच. सगळे आलेत त्यात, आईचा नवा चष्मासुद्धा. आणि पहिल्या रांगेत मधोमध तुझी टाळू. बाबांचं सलून चालवणारा, गावभराच्या केसांची उस्तवार करणारा माझा धाकटा भाऊ, आणि ऊन चमकतंय ते नेमकं त्याच्याच डोक्यावर. फोटोच्या मागे मी लिहिलंय, 'पहिल्या रांगेतला चंद्र कोणाचा, ओळखा.' असंच लिहून सगळ्या नातेवाइकांना एकेक प्रत धाडलीय. आईला फोनवर वाचून दाखवलं तर ती हसून हसून खोकायला लागली.

लहानपणी तुझ्या डोक्यात कंगवा अडकून मोडायचा म्हणून तुझं नाव झुपक्या पडलं. आता बदलायला हवं का, ते विचार करून कळव.

माझं म्हणशील तर मान वर करायला फुरसत नाही. तू नेहमी विचारतोस, उंदरांच्या मेंदूत एवढं काय शोधतेस. ऐक मग. औषध पोटात गेलं की त्याची मोडतोड करणारी द्रव्यं शरीरात असतात, त्यांना एन्झाइम म्हणतात. हार्मोनांची घडामोडही तीच करतात. वर्षानुवर्षं समजूत अशी, की हे काम लिव्हरचं. लिव्हर म्हणजे मोठा भटारखाना, सगळं तिथे शिजतं आणि रक्तातून घरोघर डबे जातात. पण मेंदूची स्वतःची एक छोटी शेगडी असते. मन थाऱ्यावर ठेवणारी काही द्रव्यं तो घरच्या घरी रांधतो. आणि गंमत अशी की ही शेगडी विझली तरी भटारखान्याला पत्ता नसतो. रक्त तपासलं तर सगळं ठीक, मेंदूत मात्र चूल थंड. एप्रिलमध्ये मोठ्या परिषदेत भाषण आहे. त्यात वाक्य टाकणार आहे, 'रक्ताला विचारू नका, मेंदूला विचारा.' कसं वाटतंय?

तुझी ताई


२१ जानेवारी

ताई,

फोटो मिळाला. हिनं तो दुकानात आरशाच्या चौकटीत खोचलाय. गिऱ्हाइकं आधी फोटो बघतात, मग मला, आणि मग हळूच स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवतात. एक म्हणाला, 'मालक, तुमचेच असे, तर आमचं काय राहणार?' मी म्हटलं, 'आचारी लुकडा असला तर तुम्ही जेवायचे थांबता का?' सगळे हसले. मीही हसलो.

दुकानात समोर आरसा आणि मागे आरसा. गिऱ्हाइकाला मागचा कट दिसावा म्हणून बाबांनी लावले होते. आता दिवसभर माझीच टाळू मला समोर दिसते, एका आरशात दुसरा, त्यात तिसरा, संपतच नाही. बाबांना हे सुचलं नसेल. त्यांचे केस शेवटपर्यंत शाबूत होते.

एक उपाय चालू केलाय. काय ते विचारू नकोस आणि कोणाला बोलू नकोस. हिलासुद्धा माहीत नाही.

फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो, त्यापेक्षा पत्र बरं. दुकानात फोन उचलला की तिन्ही खुर्च्यांचे कान माझ्याकडे. शेगडीचं समजलं. वाक्य झकास आहे, टाळ्या पडतील.

तुझा
झुपक्या (तूर्तास)


२ मे

प्रिय झुपक्या,

टाळ्या पडल्या. रक्ताचं वाक्य लोकांनी उतरवून घेतलं. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी जेवताना मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मी इतकी फुगले की खुर्चीत मावत नव्हते.

तुझा उपाय मी ओळखलाय. तेल असणार. वासानं गिऱ्हाइकं पळाली नाहीत म्हणजे मिळवलं.

आता आमची नवी गंमत ऐक. एक औषध आहे, बाजारात सर्रास मिळतं. नाव सांगून तुला काय करायचंय. ते मेंदूच्या शेगडीतलं एक एन्झाइम बंद पाडतं. आम्ही ते काही उंदरांना रोज देतो आणि मग त्यांच्या पाठीवर साखरेचं पाणी फवारतो. साधा उंदीर लगेच मागच्या पायांवर बसतो आणि पाठ, कान, मिशा चाटून लख्ख करतो, अगदी तुझ्या दुकानातून बाहेर पडल्यासारखा. औषधवाले तसेच भिजून बसतात. अंगावरून गोड पाणी ओघळत असतं, पण चाटायची इच्छा म्हणून नाही. त्यांच्या पिंजऱ्याला आम्ही 'सुतकी पिंजरा' म्हणतो. मीच चिठ्ठी चिकटवलीय.

आता जरा कान उघडे ठेव. तुझी बायको सांगत होती, दुपार होते तरी तुझं दुकान उघडत नाही. बाबा पायाला प्लास्टर असताना स्टुलावर बसून दाढ्या करायचे, आठवतंय? ऐन चाळिशीत तुला काय धाड भरलीय? डॉक्टरकडे जा, रक्त तपासून घे आणि कामाला लाग.

ताई


२० मे

ताई,

रक्त तपासलं. सगळं ठीक आलं. डॉक्टर म्हणाले, माझ्यापेक्षा तुमचे आकडे चांगले आहेत.

हा आळस नाही गं. आळसात लोळायची मजा असते. ह्यात काहीच नाही. हात चालतात. परवा एका तरुणाची दाढी केली, सुरेख झाली, त्यानं आरशात बघून शीळ घातली. पूर्वी असं झालं की माझा अख्खा दिवस त्यावर निघायचा. या वेळी मी टॉवेल झटकला आणि तसाच उभा राहिलो. पोरगी तिनं काढलेलं चित्र दाखवायला आली. मी 'छान' म्हणालो, आणि माझाच आवाज ऐकून वाटलं, हे कोण बोललं?

एक विचारतो, हसू नकोस. तुझ्या त्या भिजलेल्या उंदरांच्या मनात काय चालतं, ते तुम्हाला कळतं का? मला वाटतं मला ते माहीत आहे. मी तसाच झालोय. अंगावर गोड पाणी आहे एवढं कळतं. चाटावंसं वाटत नाही.

तुला सांगायचीही लाज वाटते. चांगलं दुकान, चांगली बायको, आई अजून चालती-फिरती. रडायला कारण नाही आणि रडूही येत नाही. कोणाला सांगू?

झुपक्या


२९ मे

झुपक्या,

तुझं पत्र वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःला उंदीर म्हणवून घेताना काहीच वाटत नाही? माझ्या उंदरांना आम्ही औषध देतो म्हणून ते तसे बसतात. तुला कोणी काय दिलंय? रक्ताचा रिपोर्ट उत्तम आहे ना, मग विषय संपला. शरीरात काही नाही याचा अर्थ ही सगळी नाटकं आहेत. माझ्या शास्त्राचं पांघरूण स्वतःच्या आळसावर घालू नकोस.

घरात लेक आहे, बायको आहे, आई आहे. जनाची नाही तर मनाची तरी ठेव. पुढच्या पत्रात चार धड वाक्यं लिही, नाहीतर लिहू नकोस.

ताई


११ जुलै

ताईंना नमस्कार.

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहितेय. हे फोनवर बोलता आलं नसतं, सासूबाई शेजारच्याच खोलीत असतात आणि मला रडू आवरलं नसतं.

तुमचं मागचं पत्र आल्यापासून यांनी लिहिणं-बोलणं सोडलंय. दुकान बंद आहे. ज्या माणसानं कधी गालावर खुंट ठेवला नाही त्याची दाढी गळ्यापर्यंत आलीय. अंघोळ करून येतात आणि ओलेच कॉटवर बसतात. टॉवेल खांद्यावर असतो, पाणी चादरीत मुरत असतं. 'अहो, अंग पुसा की,' म्हटलं तर 'हो, पुसतो' म्हणतात आणि बसून राहतात. मग मीच पुसते. पुसून घेतात.

मागच्या आठवड्यात म्हणाले, 'तुम्हा दोघींचं माझ्यावाचून काही अडणार नाही.' त्या दिवसापासून घरातले आणि दुकानातले सगळे वस्तरे मी कपाटात कुलूप लावून ठेवलेत. किल्ली माझ्या गळ्यात असते. न्हाव्याच्या बायकोवर ही पाळी यावी, ताई.

अजून एक. लिहायला लाज वाटते, पण तुम्ही बाईमाणूस आहात, समजून घ्याल. आमच्यात बरेच महिने नवराबायकोचं असं काही राहिलेलं नाही. मला वाटलं, दुसरी कोणी असेल. म्हणून मी त्यांच्या सामानात हात घातला, जे आजवर कधी केलं नव्हतं. ब्रशच्या डब्यात गोळ्यांची ही पट्टी सापडली. विचारलं तर त्यांनी मान खाली घातली. कसल्या वाईट रोगाच्या तर नाहीत ना? पट्टी पाकिटात घातलीय. तुम्हाला औषधातलं कळतं. जे असेल ते सांगा, माझ्यापासून लपवू नका.

तुमची भावजय


१५ जुलै

प्रिय भावा,

तुझ्या बायकोचं पाकीट मी प्रयोगशाळेत उघडलं. आतून गोळ्यांची पट्टी टेबलावर पडली. माझ्या हाताखालच्या मुलीनं ती सहज उचलली आणि आमच्या औषधांच्या कपाटात ठेवायला निघाली. तिला वाटलं, आपल्यातलीच आहे. आपल्यातलीच होती. हीच गोळी कुटून आम्ही सुतकी पिंजऱ्याला देतो.

डोक्याच्या कातडीत एक एन्झाइम असतं, ते काहींच्या केसांच्या मुळावर उठतं. ही गोळी ते बंद करते, म्हणून केस टिकतात. त्याचंच भावंड मेंदूच्या शेगडीत असतं. गोळी तेही बंद करते. मी हे भर सभेत सांगून टाळ्या घेतल्या. सगळ्यांना असं होत नाही. कित्येक जण वर्षानुवर्षं ही गोळी घेतात आणि मजेत असतात. तुझं जे झालं ते हिच्यामुळेच, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तूच मला लिहिलं होतंस, ओळीन् ओळ, आणि मी वाचलं नाही.

'नाव सांगून तुला काय करायचंय,' असं मी लिहिलं. 'तुला कोणी काय दिलंय,' असंही मीच लिहिलं. रक्ताला विचारू नका म्हणून जगाला सांगत फिरले, आणि माझा भाऊ बुडत होता तेव्हा म्हटलं, रक्त ठीक आहे ना, विषय संपला. तुझी पत्रं काल पुन्हा काढून वाचली. माझी तुझ्याकडे आहेत ते बरंच, मला ती वाचवली नसती. त्या फोटोच्या मागचं तर आठवलं तरी कानशिलं गरम होतात.

तुझ्या बायकोशी फोनवर बोलले. तिला म्हटलं, रोग नाही आणि बाईही नाही, केसांची गोळी आहे. आधी डॉक्टरांना सगळं दाखवा, नंतर मनाच्या डॉक्टरांनाही, आणि तुला एकटं ठेवू नका. तू फोनवर आला नाहीस. तुला पुरा हक्क आहे.

मी निघाले होते. पिशवी भरून दारात ठेवली. मग वाटलं, कुठलं तोंड घेऊन तुझ्यासमोर उभी राहू? तू म्हणशील तेव्हा येईन.

ताई


३ ऑगस्ट

ताई,

गोळ्या बंद झाल्या. मनाच्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो. त्यांनी औषध दिलंय. प्रत्येक औषधाचं नाव ही आता मोठ्यानं वाचते आणि मगच माझ्या हातावर ठेवते.

हिला कळलं तेव्हा म्हणाली, 'केसांसाठी?' आणि हसायला लागली. मग उशीत तोंड खुपसून रडली. ताई, दुसरी बाई आहे असं कबूल करावं लागलं असतं तरी इतकी लाज वाटली नसती. लोक माझ्यापुढे डोकं वाकवतात, मानेवर वस्तरा फिरवून घेतात, आणि मी न्हावी असून ब्रशखाली केसांच्या गोळ्या लपवतो. शेजारच्या औषधवाल्याकडे घेतल्या नाहीत, ओळखीचा म्हणून. लांब बाजारात जाऊन घेतल्या, भावासाठी हव्यात म्हणून.

तू माफी मागतेस. मला तुझा राग आलेला नाही. हा मोठेपणा समजू नकोस. राग कशाचाच येत नाही. तुझं पत्र वाचलं, घडी घातली, ठेवलं. येऊ नकोस एवढ्यात. आलीस तर तू रडशील आणि मी नुसता बघत बसेन.

एकच सांग. औषध बंद केल्यावर तुझे उंदीर पुन्हा चाटायला लागतात ना? किती वेळ लागतो?

झुपक्या


१० ऑगस्ट

प्रिय भावा,

तुझ्या प्रश्नाला खोटं उत्तर लिहिलं होतं. फाडून टाकलं.

खरं हे आहे की मला माहीत नाही. औषध बंद करून आम्ही कधी बघितलंच नाही. कोण किती चाटतो ते टिपून झालं की आम्ही त्यांना मारतो, मेंदू काढतो, त्याचे पातळ काप करून काचेवर घेतो. त्यासाठीच तर ते असतात. इतकी वर्षं मी हे करतेय आणि पुढे त्यांचं काय झालं असतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तुला पहिल्या झटक्यात पडला. इतर कोणी बघितलंय का ते शोधतेय. माझ्या टेबलावर तरी उत्तर नाही.

म्हणून एक पिंजरा मागून घेतलाय. साहेब म्हणाले, हे आपल्या प्रयोगात बसत नाही. मी म्हटलं, मग माझ्या नावावर बसवा. सुतकी म्हणून लावलेली चिठ्ठी मी नखानं खरवडून काढली. त्यांचं औषध थांबवलं आणि काल पहिल्यांदा पाणी फवारलं. बसून राहिले. तुला हे लिहू नये असं वाटत होतं, पण तुला लपवाछपवी नको, मलाही नको.

फोटोच्या प्रती नातेवाइकांकडून परत मागवतेय. मावशीनं विचारलं, एवढं काय झालं त्यात? मी सांगितलं, माझ्यामुळे काय झालं ते. तिला पटलं नाही. फोनवर दुसऱ्याच विषयावर गेली.

ताई


६ ऑक्टोबर

ताई,

आज मला तुझा राग आला.

सध्या थोडा वेळ दुकान उघडतो. ही बरोबर येते, स्वतः वस्तरे काढून देते आणि जाताना परत घेते. आज आरसा पुसताना तो फोटो चौकटीतून सुटून पालथा पडला. तुझं अक्षर दिसलं. पहिल्या रांगेतला चंद्र. हे मी आधी कितीदा तरी वाचलं होतं. आज वाचलं आणि पायापासून मस्तकापर्यंत आग गेली. कान तापले.

इतकी माणसं होती त्या फोटोत. काकांचं पोट शर्टाच्या बाहेर आलंय, फोटो काढणारीचे, तुझे स्वतःचे, दोन दात वाकडे आहेत. तुला दिसलं ते माझंच टक्कल? आणि नुसतं दिसलं नाही, साखर वाटावी तसं नातेवाइकांत वाटलंस. मला विचारलंस? माझा धंदा काय आहे, दिवसभर मी कशासमोर उभा असतो, याचा एकदा तरी विचार केलास? आणि ते मे महिन्यातलं पत्र. 'नाटकं.' मी तुझ्यापुढे जीव उघडा करून ठेवला होता गं.

हे सगळं मी मोठ्यानं बोललो, रिकाम्या खुर्चीला. अजून बरंच बोललो, ते इथे लिहीत नाही, आईनं शिकवलेलं नाही. एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. ही आतून धावत आली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. म्हणाली, 'अहो, तुम्ही चिडलात.'

म्हटलं, 'हो. चिडलोय.'

म्हणाली, 'चिडा. चांगलं पोटभर चिडा.' आणि गळ्यातली किल्ली मुठीत धरून खाली स्टुलावर बसली.

लगेच हुरळून जाऊ नकोस. संध्याकाळी पुन्हा तसंच सपाट वाटायला लागलं. डॉक्टर म्हणाले होते, येऊन-जाऊन असेल. केस पुन्हा गळतायत. पण अंघोळीनंतर आज अंग मी पुसलं. तुला सांगेन असं तेव्हाच ठरवलं होतं.

उंदरांचं काय ते कळव. चाटलं नाही तरी कळव. आणि त्यांना मारू नकोस.

मला झुपक्या म्हणू नकोस, निदान हा राग उतरेपर्यंत. तो इतक्यात उतरू नये असं वाटतंय. पिशवी अजून दारातच असेल तर ये. मला तुझ्याशी समोरासमोर भांडायचंय.

तुझा भाऊ